नाळे बा

पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरात दुपारी दोनलाच दुकानात दिवा लावावा लागतो. लग्नसराई सरलेली असते आणि गणपतीची पावती-पुस्तकं यायला अवकाश असतो. डीटीपीवाल्यानं या दिवसांत एकतर जुनी बिलं वसूल करावीत, नाहीतर मेल साफ करावी. बिलं वसूल होत नाहीत हे अनुभवानं ठाऊक, म्हणून २०२५ च्या जुलैत मी मेल साफ करायला बसलो. त्यात दीड महिना न उघडता पडलेली एक मेल सापडली. पॉकेट बंद होतंय, ८ जुलैला. त्या दिवशी तारीख होती ६.

मेलवर मी चांदणी लावून ठेवली होती. म्हणजे, नंतर वाचू.

पॉकेट ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. २००७ साली फायरफॉक्स ब्राउझरचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, म्हणून ते निघालं आणि नावच होतं 'रीड इट लेटर'. लेख दिसला, आता वेळ नाही, कोपऱ्यातलं बटण दाबा, लेख बाजूला पडला. २०१२ ला त्याचं पॉकेट झालं, २०१७ ला मोझिलानं ते विकत घेतलं. मी त्यात शिरलो २०१३ च्या पावसाळ्यात, वेगवेगळ्या साइटींवरचं नवं लिखाण एका जागी दाखवणारं गूगल रीडर बंद झालं तेव्हा. तेही जुलैतच, १ तारखेला. जुलै महिना माझ्या वाचनाला काही लाभत नाही.

निघताना आपला माल नेता येत होता. मी बटण दाबलं, एक सीएसव्ही फाईल आली, ती स्प्रेडशीटमध्ये उघडली, तर समोर परग्रहावरची लिपी. एका क्षणात वीस वर्षं मागं गेलो. तेव्हा मराठी वेबसाइटी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एका सामाईक संकेतात, नसत. प्रत्येकाचा आपापला फॉन्ट, तो आधी उतरवून घ्यायचा, नाहीतर अग्रलेखाच्या जागी कंसांची आणि उद्गारचिन्हांची रांग दिसायची. गिऱ्हाइकं अजूनही पेन ड्राइव्हवर तसल्या फायली घेऊन येतात आणि "व्हायरस आलाय काय बघा" म्हणतात. इथं प्रकरण तेवढं गंभीर नव्हतं. फाईल यूटीएफ-८ म्हणून, म्हणजे युनिकोडच्याच पद्धतीत, आत घेतली आणि मराठी आपल्या जागी आलं.

तीन हजार चारशे बारा ओळी. शीर्षक, पत्ता, ठेवल्याची तारीख, टॅग, आणि वाचलं की नाही. बस्स. लेखाचा मजकूर त्यात नव्हता. असणार कसा? ही तर यादी होती. बारा वर्षं मी लेख साठवतोय असं समजत होतो आणि साठवले होते पत्ते.

शेजारचा झेरॉक्सवाला चहा घेऊन डोकावला. "काय करूलैस बे, दुपारपासनं?" म्हटलं, लिंका उघडून बघतोय. पहिल्या दोनशेत एकसष्ट मेल्या होत्या. त्याला हे आकडे कळले नाहीत. माझा चेहरा कळला असावा, कारण चहाचे पैसे त्यानं दिले.

काय काय ठेवलं होतं मी! १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनावर चार लेख. हातमाग आणि पितळी भांड्यांवर काही. हलगा-मच्छे बायपासच्या बातम्या, शेतकऱ्यांची लढाई वर्षानुवर्षं चालली तशा साठत गेलेल्या. कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) घरी कसा करावा, तीन वेळा. (बाजारात इतका चांगला मिळत असताना घरी करायचं मला तीन वेगवेगळ्या वर्षी का सुचावं, याला उत्तर नाही.) गुडघेदुखीवर अकरा लेख. त्यातले पहिले सात माझा गुडघा दुखायला लागण्याच्या आधीचे, ही दूरदृष्टी म्हणायची. 'वाचलं' अशी खूण असलेले किती, ते इथं लिहीत नाही. घरचे लोक हा ब्लॉग वाचतात.

नव्वदच्या दशकात कर्नाटकात एक भूत फिरत होतं. रात्री दार ठोठावायचं, ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारायचं, आणि ओ दिली की संपलं. त्यावर उपाय असा, की दारावर खडूनं कन्नडमध्ये लिहायचं, 'नाळे बा'. उद्या ये. भूत यायचं, वाचायचं, आज्ञाधारकपणे परत जायचं आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच वाचायचं. आमच्या गावातही दारं रंगली. भुताला कन्नड वाचता येतं याबद्दल कुणाला शंका नव्हती. आमच्या आजीनं मात्र मला हाताशी धरून खाली मराठीतही 'उद्या ये' लिहून घेतलं. सीमाभागात राहायचं तर कागद दोन्ही भाषांत असलेला बरा, हे तिला कोर्टकचेऱ्यांनी शिकवलं होतं.

त्या यादीपुढं बसलो असताना मला ते दार आठवलं. लेख यायचा, दार वाजवायचा, ओळखीच्या आवाजात हाक मारायचा, आणि मी बटण दाबायचो. नाळे बा. तीन हजार चारशे बारा वेळा.

पण हे असं थट्टेवारी नेऊन भागणार नव्हतं, कारण त्याच आठवड्यात सर आले. सर म्हणजे आमच्या गावच्या मराठी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. मला चौथीला होते, त्यामुळे आजही दुकानात आले की मी खुर्ची सोडतो. गावची लक्ष्मी यात्रा भरायची आहे. आमच्याकडं ती दरवर्षीची जत्रा नव्हे. मध्ये इतकी वर्षं जातात, की मागच्या वेळी मांडीवर असलेली पोरं पुढच्या वेळी पालखीला खांदा देतात. यात्रेची स्मरणिका काढायची, ती जुळवायची मी, छापून आणायची मी, पैसे मागायचे नाहीत हेही मीच समजून घ्यायचं.

"मागच्या यात्रेवर एकानं छान लिहिलं होतं बघ इंटरनेटवर," सर म्हणाले. "आपल्याच गावचा, मुंबईत असतो. गदगा कुठं होता, होन्नाट कसा झाला, सगळं होतं. तूच तर दाखवला होतास की रे, तुझ्या मोबाईलवर."

(गदगा म्हणजे यात्रेत देवी बसवतात ती जागा, होन्नाट म्हणजे देवीला खांद्यावर घेऊन खेळवतात तो सोहळा.) दाखवला होता. २०१४ ला ठेवलाही होता. यादीत ओळ सापडली, पत्ता दाबला आणि पांढरं पान आलं. तो ब्लॉगच उठून गेलेला.

सर म्हणाले, "सावकाश बघ, गडबड नाही," आणि गेले. सरांचं 'गडबड नाही' म्हणजे काय ते चौथीपासून ठाऊक आहे.

आता नवीन एक्स्टेन्शन शोधायचं होतं, आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून. पुतण्या बेंगळुरूला संगणकात आहे, त्याला फोन लावला. त्यानं एका दमात दहा नावं सांगितली आणि शेवटी विचारलं, "पण काका, तुम्हाला वाचायचंय की ठेवायचंय?" मी म्हटलं, दोन्ही. तो म्हणाला, "ती दोन वेगळी कामं आहेत." लहानपणी हाच पोरगा दप्तर हरवून यायचा.

त्याचं बरोबर होतं. एक जात आहे वाचायला सोपं करून देणाऱ्यांची. पान उघडलं की जाहिराती, मेनू, बाजूच्या पट्ट्या काढून टाकतात आणि नुसता मजकूर मोठ्या अक्षरात देतात. इन्स्टापेपर २००८ पासून हे करतंय आणि मधल्या काळात तीन वेळा हात बदलूनही टिकलंय. ओम्निव्होर म्हणून एक फुकट, खुल्या सोर्सचं होतं, लोक त्याच्या प्रेमात होते. ते २०२४ च्या नोव्हेंबरात बंद झालं, मंडळी एका आवाज बनवणाऱ्या कंपनीत गेली. एव्हरनोट या नोंदवहीच्या ॲपची पान कापून ठेवणारी कात्री चांगली, पण फुकटात आता एकूण ५० नोंदी आणि एकच वही मिळते. माझ्या गुडघ्यालाच अकरा लागतात.

या जातीतल्या एकाला मी जात्यावरच्या ओव्यांचं एक पान खायला घातलं. त्यानं प्रस्तावना ठेवली आणि ओव्या टाकून दिल्या. असं का व्हावं म्हणून खोलात गेलो. मजकूर कुठला आणि कचरा कुठला हे ही यंत्रं अंदाजानं ठरवतात. परिच्छेद किती लांब, त्यात स्वल्पविराम किती, असे गुण देतात. फायरफॉक्सच्या वाचनदृश्यामागं जो खुला कोड आहे, आणि जो पुष्कळांनी उचललाय, त्यात पंचवीस अक्षरांपेक्षा छोट्या परिच्छेदाला गुणच मिळत नाहीत. ओवीची ओळ ती केवढी! आयुष्यभर दळण दळत बायकांनी जे रचलं, ते स्वल्पविराम नाहीत म्हणून नापास. मोठा गद्य लेख वाचायचा असेल तर ही मंडळी उत्तम आहेत, पण माझ्या कामाच्या निम्म्या गोष्टी लेख नसतातच.

उदाहरणार्थ, चुलतभावाच्या जमिनीचा उतारा. सर्व्हे नंबर घालून सरकारी संकेतस्थळावर तो काढला आणि हौसेनं बुकमार्क केला. दुसऱ्या दिवशी बुकमार्क दाबला तर पहिलं पान आलं, जिल्हा निवडा, तालुका निवडा. तिथं प्रत्येक उताऱ्याला वेगळा पत्ताच नसतो. पत्ता एक आणि आत विचाराल ते दाखवतो. असल्या ठिकाणी लिंक ठेवून काही हाती लागत नाही, दिसतंय ते पानच उचलून ठेवावं लागतं. (शिक्क्याचा कागदी उतारा हवा तर नाडकचेरीची, म्हणजे महसूल कचेरीची, पायरी चढावी लागते. त्यावर एक्स्टेन्शन निघालेलं नाही.)

तर दुसरी जात, अख्खं पान उचलणाऱ्यांची. मी शेवटी इथं थांबलो. सिंगलफाईल नावाचं एक्स्टेन्शन आहे, फुकट, खुल्या सोर्सचं. बटण दाबलं की समोरचं पान, त्यातली चित्रं, मांडणी, फॉन्टसुद्धा, सगळं एकाच एचटीएमएल फाईलमध्ये गुंडाळून तुमच्या डाउनलोडच्या फोल्डरात टाकतं. कुठं खातं नाही, पासवर्ड नाही. फाईल उघडायला तेच एक्स्टेन्शन लागत नाही, कुठलाही ब्राउझर चालतो. फाईलच्या डोक्यावर मूळ पत्ता आणि ठेवल्याची तारीख आपोआप लिहिली जाते. चित्रं अक्षरांत रूपांतर करून आत कोंबावी लागतात, त्यानं ती सुमारे एक तृतीयांश फुगतात, म्हणून फाईल जड होते. होईना. मी आठशे डीपीआयची लग्नपत्रिका सांभाळणारा माणूस, मला जडपणाचं काय.

फॉन्ट आत येतो, हे वाचणाऱ्याला बारीकसं वाटेल. मी त्यावर दुकानात एकट्यानं टाळी वाजवली. जुन्या पद्धतीच्या फॉन्टात लिहिलेली काही मराठी पानं अजून नेटवर तग धरून आहेत, फॉन्ट स्वतःबरोबर घेऊन हिंडतात. नुसता मजकूर उचलला तर गिचमिड हाती लागते. फॉन्टसकट उचललं तर निदान डोळ्यांना वाचता येतं.

आता तक्रारीही सांगतो. आमच्याकडच्या गावोगावच्या बातम्या, कडोलीचं साहित्य संमेलन, उचगावची यात्रा, येळ्ळूरचं कुस्तीचं मैदान, हे बहुतेक ई-पेपरच्या पानावर असतं आणि ई-पेपरचं पान म्हणजे चित्र. चित्र उचललं जातं, त्यात शोधता येत नाही. त्यावर माझा उपाय बावळट आहे. फाईलच्या नावात बातमीचा सारांश लिहितो. तिथं वेगळीच मर्यादा निघाली. फोनवर फाईलच्या नावाला २५५ बाइट मिळतात, देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्राही धरून. म्हणजे ८५ चिन्हं. 'हलगा-मच्छे बायपासविरोधात शेतकऱ्यांचा' इथंच चाळीस टक्के नाव संपतं. पत्त्यांचंही तसंच. मराठीतला पत्ता कॉपी करून चिकटवला की टक्क्यांची माळ होते. नुसतं 'बेळगाव' म्हणजे सहा चिन्हं, त्यांची चोपन्न अक्षरं होतात.

आणि बेळगाव तरी एक कुठं आहे? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी. जुन्या इंग्रजी पानांवर वेगळं स्पेलिंग, नव्यावर वेगळं, कन्नडात तिसरं. ज्या गावाचं नाव काय यावरच एवढं रामायण, त्या गावाबद्दलचं काही संगणकात शोधायचं तर पाच वेळा शोधावं लागतं. शिवाय 'ऱ्या'. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. शोधात निम्मे शेतकरी सापडतच नाहीत. आता मी 'शेतक' एवढंच शोधतो.

स्मरणिकेसारख्या कामाला, जिथं कुठून काय घेतलं हे सांगावं लागतं, तिथं संदर्भ सांभाळणारं झोटेरो घेतलं. २००६ साली अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या इतिहासकारांनी सुरू केलेलं. ब्राउझरमधलं त्याचं बटण लेखक-तारीख टिपतं आणि पानाची प्रत काढायला आतून सिंगलफाईलचाच कोड वापरतं. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयातून, १८४८ पासूनच्या त्या कपाटांतून, टिपलेल्या नोंदीही त्यात हातानं घालता येतात, हे मला फार सोयीचं झालं.

पुतण्यानं एक ताकीद दिली होती. एक्स्टेन्शन घालताना ब्राउझर विचारतो, की हे तुम्ही उघडाल त्या सगळ्या साइटींवरचं वाचू आणि बदलू शकेल, चालेल काय? आपण चहाचा घोट घेत 'हो' म्हणतो. त्या 'हो'त बँकही येते. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं, टॅब झोपवून ठेवणारं. बनवणाऱ्यानं २०२० मध्ये ते दुसऱ्याला देऊन टाकलं आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलनं ते घातक म्हणून सगळ्यांच्या ब्राउझरमधून बंद केलं. लोकांचे झोपलेले टॅब झोपेतच गेले. पान उचलायचं तर पान वाचायची परवानगी द्यावीच लागते, त्याला इलाज नाही. म्हणून एक्स्टेन्शनं दोनच ठेवली आणि ती ज्या ब्राउझरमध्ये आहेत त्यात बँक उघडत नाही. बायकोला हे सोवळं वाटतं. आहेच सोवळं.

आणि नुसत्या 'नंतर वाचू' साठी? त्यासाठी काहीच घेतलं नाही. बुकमार्कच्या पट्टीवर एक फोल्डर आहे, नाव 'नाळे बा'. त्यात दहा. अकरावा आला तर एक वाचायचा किंवा काढायचा. नियम मी दर आठवड्याला मोडतो, पण तो आहे.

राहिला सरांचा लेख. माझ्याकडं नुसता मेलेला पत्ता होता, पण पत्ता होता म्हणूनच पुढचं झालं. इंटरनेट अर्काईव्ह ही १९९६ पासूनची संस्था, वेबची पानं उचलून ठेवणं हाच त्यांचा उद्योग. २००१ ला त्यांनी वेबॅक मशीन सर्वांना खुलं केलं. तिथं पत्ता चिकटवला. इतक्या वर्षांत त्या पानावर एकदा, २०१६ मध्ये, कुणा माणसाची किंवा यंत्राची सावली पडून गेली होती. लेख पूर्ण होता. पाच फोटोंपैकी दोनच आले, एक गदग्याचा, एक कुणाच्या तरी बैलजोडीचा. ताबडतोब सिंगलफाईलचं बटण दाबलं. २०२४ च्या ऑक्टोबरात त्या संस्थेवरच सायबरहल्ला झाला होता आणि कित्येक दिवस ती बंद होती, त्यामुळे तिथं आहे म्हणून निवांत बसायची सोय नाही.

सोळा पॉइंटात प्रिंट काढली आणि सरांना फोन केला. सर पावसातून आले. म्हटलं, घरी नेऊन निवांत वाचा. ते काउंटरला टेकून उभ्याउभ्याच वाचू लागले. दुसऱ्या परिच्छेदाशी थांबले.

"पेन दे."

दिलं.

"२००३ नव्हे. यात्रा २००४ ला झाली. २००३ ला दुष्काळ होता, गावानं एक वर्ष पुढं ढकलली. यानं पावतीवरचं साल उचललंय. पावत्या आधीच छापून झाल्या होत्या की." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघून, "कुणी छापल्या होत्या?"

मी तेव्हा खडेबाजारातल्या एका प्रेसमध्ये उमेदवारी करत होतो. 'श्री महालक्ष्मी यात्रोत्सव २००३' ही ओळ मीच जुळवली होती. मी पंख्याकडं पाहिलं.

सर शेवटपर्यंत वाचत गेले. गदग्याची जागा बदलली, एका वाजंत्र्याचं नाव घातलं, एक वाक्य खोडून समासात "असं काही घडलं नाही" असं लिहिलं. पाऊण तास गेला, चहा दोनदा झाला. ते गेल्यावर मी ती पानं स्कॅन केली. मूळ फाईलला हात लावला नाही, दोन्ही एकाच फोल्डरात ठेवल्या. स्कॅनला नाव काय द्यावं यावर थोडा अडलो, पंच्याऐंशी चिन्हांत बसायला हवं. मग लिहिलं, 'लक्ष्मी यात्रा २००४, सरांनी वाचलेली प्रत'.